चार बाजू मोजल्या म्हणजे शेत मोजले गेले का? धानाच्या बांधीचे सोपे गणित

गोंदिया जिल्ह्यात तिरोडा तालुक्यात बोदलकसा हे गाव आहे. टेकड्या आणि जंगलाच्या कुशीतल्या इथल्या तलावाचे मातीचे धरण १९१७ साली बांधून झाले. हा सगळा भाग धानाचा आहे. पावसाळ्यात इकडे कुठेही उभे राहिले तरी बांध्याच बांध्या दिसतात आणि त्यातली चौकट आखल्यासारखी सरळ बांधी क्वचितच सापडते.

याला कारण आहे. धानाला बांधीत पाणी उभे राहावे लागते. पाणी सगळीकडे सारखे उभे राहायचे तर बांधीची जमीन सपाट हवी. म्हणून जमिनीचा उतार जसा वळतो तसे धुरे वळवले जातात. परिणामी बांधीला चार बाजू असतात, पण चार काटकोन नसतात. नेमका इथेच मोजमापाचा घोळ सुरू होतो.

घोळ कुठे होतो?

रोवणीचा ठेका, ट्रॅक्टरची चिखलणी, खताची मात्रा, फवारणीचे औषध हे सगळे एकराच्या हिशोबाने ठरते. बांधीचे क्षेत्रफळ काढायची एक झटपट रीत बरेच जण वापरतात. समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी काढायची, उरलेल्या दोन बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा.

रीत सोपी आहे, पण ती फक्त आयत आणि चौरस यांच्यासाठीच बरोबर आहे. बाकी प्रत्येक चौकोनात ती क्षेत्रफळ जास्तच दाखवते. कमी कधीच दाखवत नाही.

काड्यांचा प्रयोग

हे का होते ते घरी पाच मिनिटांत पाहता येते. काड्यांची टोके सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून आधी तीन काड्यांचा त्रिकोण करा. तो दाबला तरी आकार बदलत नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण ठरला, त्याचे क्षेत्रफळही ठरले.

आता चार काड्यांचा चौकोन करा. तो एका बाजूला रेलतो. चौरस होता तो समभुज चौकोन होतो आणि आणखी दाबला तर जवळजवळ चपटा होतो. चारही काड्या तेवढ्याच लांब आहेत, परिमितीही तीच आहे, पण आतली जागा कमी होत गेली.

आकडे घेऊन पाहू. ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आयताचे क्षेत्रफळ २,४०० चौरस मीटर. तोच आकार रेलून समांतरभुज चौकोन झाला आणि ६० मीटरच्या दोन बाजूंमधले सरळ अंतर ३२ मीटर उरले, तर क्षेत्रफळ ६० × ३२ म्हणजे १,९२० चौरस मीटर होते. ४८० चौरस मीटर, म्हणजे एकराचा जवळपास आठवा हिस्सा कमी झाला. सरासरीच्या रीतीला मात्र यातले काहीच कळत नाही. ती दोन्ही वेळा २,४०० हेच उत्तर देते, कारण ती फक्त बाजू पाहते, कोपरे पाहत नाही.

हा प्रश्न जुनाच आहे

इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने आपल्या ग्रंथात सरासरीची हीच रीत दिली, पण ती स्थूल म्हणजे ढोबळ आहे असे सांगून. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त मुद्दा आणखी स्पष्ट केला. फक्त चार बाजू सांगून चौकोनाचे नेमके क्षेत्रफळ विचारणे चूक आहे, कारण त्याच बाजूंचे अनेक चौकोन होतात. एखादा कर्ण किंवा लंब तरी सांगायलाच हवा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे याच भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे.

मग बांधी मोजायची कशी?

उत्तर काड्यांच्या प्रयोगातच आहे. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही. म्हणून चौकोनाचे दोन त्रिकोण करायचे.

१. बांधीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. हा कर्ण. त्याची लांबी मोजा.

२. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून दोरीपर्यंतचे सर्वांत कमी अंतर मोजा. टेपचे एक टोक कोपऱ्यात धरून दुसरे टोक दोरीवर पुढे-मागे सरकवा. आकडा जिथे सर्वांत लहान येईल तिथे टेप दोरीला काटकोनात असतो. हाच लंब.

३. दोन्ही लंबांची बेरीज करा, तिला कर्णाने गुणा आणि उत्तर निम्मे करा.

उदाहरणार्थ, एका बांधीच्या बाजू क्रमाने ३०, ५१, ५२ आणि २५ मीटर आहेत. ३० आणि २५ मीटरच्या बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण ६३ मीटर भरला. दोन लंब २४ आणि २० मीटर आले. लंबांची बेरीज ४४. ६३ × ४४ म्हणजे २,७७२ आणि त्याचे निम्मे १,३८६ चौरस मीटर. हे खरे क्षेत्रफळ.

आता सरासरीची रीत लावू. ३० आणि ५२ ची सरासरी ४१. ५१ आणि २५ ची सरासरी ३८. गुणाकार १,५५८ चौरस मीटर. फरक १७२ चौरस मीटरचा, म्हणजे खऱ्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ आठवा हिस्सा जास्त. एकराच्या दराने ठेका दिला असेल, तर खऱ्या हिशोबाच्या दर आठ रुपयांमागे जवळपास एक रुपया जादा जातो. खत-औषधाची मात्राही त्याच प्रमाणात वाढते.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

कर्ण बांधीच्या आतूनच जायला हवा. एखादा कोपरा आत दबलेला असेल, तर त्या कोपऱ्यातून निघणारा कर्ण घ्या. बांधीला पाच कोपरे असतील, तर दोन कर्ण टाकून तीन त्रिकोण करा. धुरा फारच वळलेला असेल, तर त्या बाजूचे लहान-लहान सरळ तुकडे पाडा.

मोबाइल अ‍ॅप घेऊन धुऱ्यावरून चालत मोजता येते, पण मोबाइलचे जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे होऊ शकते. मोठ्या शेतात तेवढे चालून जाते, लहान बांधीत नाही. तिथे दोरी आणि टेप जास्त भरवशाचे.

मोजमाप मीटरमध्ये असेल, तर १०० चौरस मीटर म्हणजे १ आर, १०० आर म्हणजे १ हेक्टर आणि सुमारे ४,०४७ चौरस मीटर म्हणजे १ एकर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच असते, त्यामुळे ताळा घेणे सोपे जाते. मात्र ही मोजणी मजुरी, खत आणि ठेक्याच्या हिशोबापुरती आहे. हद्दीचा वाद असेल, तर भूमी अभिलेख विभागाची अधिकृत मोजणीच लागते.

त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, भागिले दोन. हे सूत्र शाळेतल्या वहीत असतेच. रोवणीच्या आधी घरातल्या मुलाला सोबत घेऊन एक बांधी दोरीने मोजून पाहिली, तर त्याचा अभ्यास होईल आणि ठेक्याचा हिशोबही चोख राहील.