'एल-१': संक्षेपाचा अर्थ आणि 'पहिले'पणाचा प्रश्न

संक्षेपाचा अर्थ त्याच्या अक्षरांत नसून तो वापरणाऱ्या क्षेत्राच्या संकेतव्यवस्थेत असतो. बंगळुरूमध्ये अनेक व्यवहारांत आढळणारा 'एल-१' हा संक्षेप याचे उत्तम उदाहरण होय. तेथे मुख्यालय असलेल्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले 'आदित्य-एल१' हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. येथे 'एल' हे लाग्रांज या गणितज्ञाचे आद्याक्षर. या बिंदूचा शोध मात्र ऑयलरचा. शासकीय निविदांत एल-१ म्हणजे सर्वांत कमी दर देणारा. वैद्यकात कमरेचा पहिला मणका. संगणक-उद्योगात कंपनीच्या अमेरिकेतील शाखेत बदली होणाऱ्याचा व्हिसा. आणि भाषाविज्ञानात प्रथम भाषा.

अंक एकच असला, तरी त्याचे कार्य भिन्न आहे. निविदेत तो क्रमवारी दर्शवितो, मणक्याच्या बाबतीत स्थान, तर व्हिसाच्या बाबतीत केवळ वर्ग. भाषाविज्ञानात तो भाषा आत्मसात करण्याचा कालक्रम सांगतो, भाषेची योग्यता नव्हे.

हा भेद पुसला गेला की घोटाळा होतो. विनायक कृष्ण गोकाक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८१ मध्ये कर्नाटकातील माध्यमिक शाळांत कन्नड ही एकमेव प्रथम भाषा असावी, अशी शिफारस केली. तेथे 'प्रथम' या शब्दाने अभ्यासक्रमातील स्थान अभिप्रेत होते. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातूनच आलेल्या खटल्यात बालकाची मातृभाषा ठरविण्याचा अधिकार पालकांचा मानला. म्हणजे एल-१ कालक्रमाने ठरते, शालेय प्रथम भाषा धोरणाने आणि कायद्यातील मातृभाषा पालकांच्या निवडीने. बंगळुरूतील मराठी घरातल्या मुलाच्या बाबतीत या तिन्ही संज्ञा तीन वेगवेगळ्या भाषांकडे निर्देश करू शकतात.

तौलनिक साहित्याभ्यासात हा विवेक विशेष आवश्यक ठरतो. द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, बंगळुरूनिवासी मास्ती वेंकटेश अय्यंगार यांची तमिळ. तरीही अनुक्रमे १९७३ व १९८३ या वर्षांचा ज्ञानपीठ पुरस्कार दोघांना कन्नड लेखनासाठी लाभला. एल-१ मधील 'एक' हा प्रतिष्ठेचा क्रम मानला, तर त्यांचे कन्नड साहित्य दुय्यम भाषेतील ठरेल; आणि हा निष्कर्ष कोणताही कन्नड वाचक स्वीकारणार नाही. लेखकाची एल-१ हा त्याच्या चरित्राचा तपशील आहे. त्याच्या साहित्यभाषेचा निर्णय त्यावरून करता येत नाही.