गाडी डावीकडे ओढते, दोष उजवीकडे

ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली की बहुतेक मालक डावं चाक खोलून बसतात. पॅड बदलतात, कॅलिपर साफ करतात, तरी गाडी डावीकडेच जाते. कारण डावा ब्रेक चोख काम करत असतो. उजव्या कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलेला असतो. जुन्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेकमध्ये ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ हा प्रकार नेहमीचाच. निम्मे पैसे चुकीचा भाग बदलण्यातच जातात.

उदाहरणाला ब्रिटनची एमजीबी घेऊ. ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती बनत होती. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि ब्रेक ऑइल चाकांपर्यंत नेणाऱ्या फक्त तीन रबरी होज: पुढच्या चाकांना एकेक, मागच्या दोन्ही चाकांत मिळून एक. एबीएस नाही, चाकांवर सेन्सर नाहीत. म्हणजे नेमका दोष सांगणारा दिवा नाही, पण दोष लपवणारा संगणकही नाही.

पहिली साक्ष पेडलची. पहिल्या दाबाला ते खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येऊन कडक होतं, अशा वेळी मागच्या ड्रममधले शू सैल झालेत असं समजावं. मागच्या प्लेटवरचा चौकोनी ॲडजस्टर पिळला की काम होतं, फुकटात. दुसऱ्या दाबाला वर येऊनही पेडल स्पंजासारखं दबत असेल, तर आत हवा आहे. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात राहिलं आणि बाहेर कुठे थेंबही दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतली सीलं गेली. पेडल बॉक्सवरच्या रंगाला फुगे आले असतील, तर मास्टर सिलिंडर मागच्या बाजूने गळतोय. ब्रेक ऑइल रंग खातं.

पेडल दगडासारखं आणि गाडी थांबता थांबत नाही, या तक्रारीत मात्र जरा सबुरीने घ्यावं. सुरुवातीच्या एमजीबींना पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नसायचाच. आजच्या गाडीतून उतरून तिच्यात बसणाऱ्याला ब्रेक बिघडल्यासारखा वाटतो, आणि बिघडलेलं काहीच नसतं. सर्व्हो असलेल्या गाडीत इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबावं, मग दाबून धरून इंजिन सुरू करावं. पेडल किंचित खाली गेलं तर सर्व्हो शाबूत.

सगळ्यात फसवा दोष होजचा. बाहेरून ती काळीभोर, धडधाकट दिसते. आतलं रबर मात्र फुगून भोक जवळजवळ बुजलेलं असतं. पायाचा जोर तेवढ्यातूनही ऑइल पुढे ढकलतो, पण परत यायला मागे तसा जोर नसतो. पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच राहतो, चाक तापतं, पॅड जळाल्याचा वास येतो आणि ठपका बसतो कॅलिपरवर. नवा कॅलिपर लावूनही चाक पुन्हा धरतं. पारख सोपी आहे. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, ब्रेक दाबून सोडा आणि अडकलेल्या चाकाचं ब्लीड निपल जरासं सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता, कॅलिपर निर्दोष. तरीही चाक हललं नाही, तर पिस्टनच जाम आहे. मग किती चाकं धरतात ते पाहावं. पुढचं एकच असेल तर त्याची होज. मागची दोन्ही असतील तर त्यांची सामाईक होज, नाहीतर हँडब्रेकची केबल. चारही धरत असतील तर मास्टर सिलिंडर. पेडलला मोकळी चाल उरलेली नसते आणि ऑइल परतायचा रस्ता बंद राहतो.

अशा गाड्या धावून कमी आणि उभ्या राहून जास्त खराब होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पुरेशी ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत घसरू शकतो. घाटउतारावर असं ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल फळीला टेकतं. शिवाय हीच ओल सिलिंडर आतून गंजवते. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलावं, मग गाडी शंभर मैल फिरलेली का असेना. हवा काढताना पेडल तळापर्यंत मारू नये. मास्टर सिलिंडरचा खालचा, कधी न वापरलेला भाग खडबडीत झालेला असतो आणि त्यावर घासून चांगली सीलं फाटतात. दुरुस्तीतून नवा बिघाड काढायचा हा हुकमी मार्ग, आणि तो अनुभवी माणसंही सर्रास चोखाळतात.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवेचा झोतही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. शू ओले असतील तर हुंगून पाहा. जाड, गियर ऑइलच्या वासाचा ओघळ असेल तर गळतंय ते ॲक्सलचं सील. व्हील सिलिंडर बदलून काही होणार नाही.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. ॲबिंग्डनची शेवटची एमजीबी १९८० ची, म्हणजे आता सगळ्याच या वयात बसतात. सूट असली तरी मालकाला स्वतःहून तपासणी करून घेता येते. तिथल्या रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराने लागतो ते आकड्यांत दिसतं आणि डाव्या-उजव्यातला फरक लपत नाही. एमजीबीच्या मालकांनी ही सूट घेऊ नये, वर्षातून एकदा गाडी रोलरवर चढवावी.