संगणक अडतो नेमका कुठे?

अंबड तालुक्यातील एका शाळेतले विज्ञानशिक्षक माझे जुने स्नेही आहेत. दिवाळीची सुट्टी संपता संपता त्यांचा फोन आला. "लॅपटॉप गेला हो! लिनक्स टाकलं आणि आता काहीच येत नाही. दुकानदार म्हणतो, सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकावं लागेल."

त्या लॅपटॉपवर दहावीच्या वर्गाच्या गुणांच्या नोंदी होत्या आणि सरांनी बारा वर्षांत तयार केलेल्या प्रश्नपत्रिका होत्या. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

सरांनी लिनक्स टाकले ते हौस म्हणून नव्हे. विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी जुने लॅपटॉप मागे पडले. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली विद्यार्थी असताना लिहिला. तो सर्वांना खुला आहे आणि जुन्या यंत्रांवरही चालतो. सरांनी विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्स बसवले होते.

मी विचारले, "काहीच येत नाही म्हणजे नेमकं काय दिसतं?"

"काळा पडदा. वर इंग्रजीत एक ओळ आहे, बस."

"ती वाचून दाखवा."

"नो बूटेबल डिव्हाइस."

म्हणजे 'काहीच नाही' असे नव्हते. यंत्र बोलत होते. ते काय बोलत होते हे समजण्यासाठी संगणक सुरू कसा होतो ते आधी पाहू.

पंपातले पहिले पाणी

संगणक प्रत्येक काम प्रोग्रॅमच्या आधारे करतो. डिस्कवरचा प्रोग्रॅम स्मृतीत आणणे हेही एक कामच. मग पहिला प्रोग्रॅम स्मृतीत आणतो कोण?

विहिरीवरच्या पंपाची अडचण अशीच असते. पंप पाणी ओढतो, पण आत हवा असेल तर तो नुसताच फिरतो. हवा हलकी असल्याने पुरेशी ओढ निर्माण होत नाही. म्हणून शेतकरी आधी पंपात पाणी भरतो. नळीच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह चांगला असेल तर ते पाणी पंप बंद असतानाही टिकून राहते आणि पुढच्या वेळी भरावे लागत नाही.

संगणकातले हे 'पहिले पाणी' म्हणजे फर्मवेअर. मुख्य पाटीवरच्या एका चिपमध्ये ते साठवलेले असते आणि वीज गेली तरी पुसले जात नाही. प्रोसेसरची रचनाच अशी असते, की वीज मिळताच त्याने ठरलेल्या पत्त्यावरची सूचना वाचावी. तो पत्ता फर्मवेअरकडे नेतो. तिथून पुढे पाच टप्पे होतात.

पहिला टप्पा : फर्मवेअर स्मृती, कळफलक, पडदा यांची तपासणी करते.

दुसरा टप्पा : फर्मवेअर डिस्कवर 'लोडर' शोधते. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या बायॉस पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या तुकड्यात लोडरची सुरुवात असे. आजच्या यूईएफआय पद्धतीत त्यासाठी डिस्कवर एक छोटा स्वतंत्र विभाग असतो, आणि कोणता लोडर आधी चालवायचा याची क्रमवारी फर्मवेअर स्वतःजवळ ठेवते.

तिसरा टप्पा : लोडर, म्हणजे लिनक्समध्ये बहुधा 'ग्रब', यादी दाखवतो आणि आपण निवडलेला गाभा स्मृतीत आणतो.

चौथा टप्पा : गाभा सूत्रे हाती घेतो आणि आपल्या बाकीच्या फायली असलेला विभाग शोधून जोडतो.

पाचवा टप्पा : गाभा पहिली प्रक्रिया सुरू करतो. ती इतर सेवा सुरू करते आणि शेवटी आपले नाव व परवलीचा शब्द विचारणारा पडदा येतो.

प्रत्येक टप्पा फक्त पुढच्या टप्प्याला हाक मारतो. त्यामुळे शेवटी काय दिसले यावरून साखळी कुठे तुटली ते कळते.

लक्षणावरून जागा

दिवा लागत नाही, पंखाही फिरत नाही : साखळी सुरूच झालेली नाही. चार्जर, बॅटरी, स्मृतीची पट्टी पाहावी. यात लिनक्सचा दोष नाही.

'नो बूटेबल डिव्हाइस' : पहिला टप्पा पार पडला, दुसऱ्यात लोडर सापडला नाही. क्रमवारी आणि यूईएफआय की जुनी पद्धत, ही निवड तपासावी. डिस्क फर्मवेअरला दिसते आहे ना, हेही तिथेच कळते.

सुरक्षेचा किंवा सहीचा इशारा : लोडर सापडला, पण 'सिक्युअर बूट' या सोयीला त्याची सही मान्य नाही.

'ग्रब रेस्क्यू' : लोडर उठला, पण त्याला स्वतःच्याच उरलेल्या फायली सापडत नाहीत. एखादा विभाग पुसला किंवा हलवला, की असे अनेकदा घडते.

'कर्नल पॅनिक' आणि सोबत 'रूट' विभाग जोडता न आल्याचा मजकूर : गाभा आला, चौथ्या टप्प्यात अडला.

ग्रबची यादी दिसते, मग पडदा काळा : पुष्कळदा गाभा चालू असतो, पण त्याचे पडद्याच्या चिपशी जमत नाही. यादीवर असताना 'ई' हे इंग्रजी अक्षर दाबावे, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजीत जोडावा आणि एफ-१० दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, म्हणून करून पाहण्यास निर्धोक.

सरांच्या लॅपटॉपचे निदान

मी सरांना पहिली गोष्ट सांगितली ती दुरुस्तीची नव्हती. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवले, तोच लावून लॅपटॉप सुरू करायचा. मात्र 'बसवा' न निवडता 'वापरून पाहा' निवडायचे. असे केल्यास सगळी व्यवस्था पेनड्राइव्हवरून चालते आणि डिस्कला हात लागत नाही. सरांनी डिस्क उघडली. गुणांच्या नोंदी होत्या, प्रश्नपत्रिकाही होत्या. त्या आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवल्या. पंप पाणी ओढत नाही म्हणजे विहीर आटली असे नव्हे!

मग मी विचारले, "लिनक्स बसवल्यावर तुम्ही आणखी काय केलं?" खरी हकीकत आता बाहेर आली. लिनक्स व्यवस्थित बसले होते, पण लॅपटॉप थेट विंडोजच सुरू करत होता. कारण क्रमवारीत विंडोजचा लोडर वर होता. कोणाच्या तरी सल्ल्यावरून सरांनी फर्मवेअरमध्ये जाऊन एका दमात तीन बदल केले. त्यात यूईएफआय बंद होऊन जुनी पद्धत सुरू झाली. फर्मवेअर आता डिस्कच्या पहिल्या तुकड्यात लोडर शोधू लागले, आणि तो तर वेगळ्या विभागात होता. मूळ दोष क्रमवारीतल्या एका ओळीचा. मोठा दोष उपायातून आला.

सरांनी बदल एकेक करून मागे घेतले आणि दर वेळी लॅपटॉप सुरू करून पाहिला. यूईएफआय परत सुरू करताच विंडोज आले. मग क्रमवारीत लिनक्स वर घेतले, आणि ग्रबची यादी दिसली. तिच्यात दोन्ही नावे होती.

एक सावधगिरी मात्र हवी. विंडोजची डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असेल, तर फर्मवेअरमधील बदलानंतर ते ४८ अंकी किल्ली मागू शकते. ही किल्ली आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत लिनक्स बसवण्यापूर्वीच वेगळी ठेवावी.

वर्गासाठी

हे पाच टप्पे फळ्यावर लिहून मुलांना एकेक लक्षण द्यावे आणि 'कोणता टप्पा नक्की पार पडला?' असे विचारावे. 'काय बिघडले?' यापेक्षा हा प्रश्न सोपा आहे आणि जास्त उपयोगी आहे. विद्युतमंडलातला दिवा लागत नसेल तेव्हाही मुलांनी हेच करावे : जे दिसते ते जसेच्या तसे लिहावे, एका वेळी एकच बदल करावा आणि केलेला बदल नोंदवावा. पुढे लिनक्स शिकायचे असेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठी निवेदनातले धडे आहेत.

सरांनी आता लॅपटॉपच्या पिशवीत एक वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर फर्मवेअरमधल्या मूळ निवडी लिहिल्या आहेत. प्रश्नपत्रिकांची प्रत शाळेच्या कपाटात आहे.