आंतरवासिता : कोणते दार, कोणता कागद

आपल्या समाजातील मुलामुलींचा ओढा आता केवळ शिक्षकी पेशा आणि कचेरीतील नोकरी एवढ्यापुरता राहिलेला नाही. वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण अशा शाखांकडे ती वळू लागली आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु प्रवेश मिळाला की सारे झाले, अशी पालकांची समजूत असते. पुढे आंतरवासितेचा, म्हणजे इंटर्नशिपचा प्रश्न आला की घरात कोणालाच काही सांगता येत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतील कारकून. पण अर्ज, शिक्के आणि जावक क्रमांक यांतच हयात चालल्यामुळे चार गोष्टी मांडत आहोत.

एम.बी.बी.एस.ला साडेचार वर्षांनंतर १२ महिन्यांची आंतरवासिता सक्तीची असते. तीसाठी वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यातले १२ आठवडे सामुदायिक वैद्यकाचे, म्हणजे बव्हंशी खेड्यापाड्यांतल्या आरोग्य केंद्रांचे. ए.एन.एम. व जी.एन.एम. यांना सहा महिने असतात. या सर्वांची व्यवस्था बहुधा संस्थाच लावते.

खरी वणवण डी.फार्म.च्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. त्याला किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तास भरायचे असतात आणि त्यांपैकी निदान २५० तास डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून प्रत्यक्ष औषध देण्यात गेले पाहिजेत. सरकारी रुग्णालय मिळाले तर उत्तमच. न मिळाल्यास औषध दुकान चालते, पण तेथे नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असावा लागतो. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले आणि माणूस मात्र कधी दिसत नाही, अशा दुकानात तास भरतील, विद्या येणार नाही.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे २०२४ मध्ये १०० जागांनिशी सुरू झाले. त्याची पहिली तुकडी आंतरवासितेला येईल ती २०२९ च्या सुमारास. तोवर मोठ्या शिक्षणासाठी नांदेडची वाट आहेच.

अर्ज कोणाच्या नावे करावा, येथेच बहुतेक अडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे असतात, तेव्हा तेथील अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांसाठी जिल्हा शल्य चिकित्सक. महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी अधिष्ठाता. कळमनुरीचे काम घेऊन चुकीच्या टेबलापुढे बसलेला मुलगा आठवडा घालवतो, आणि त्यात त्या टेबलावरच्या माणसाचा काही दोष नसतो. अर्जासोबत प्राचार्यांचे पत्र, ओळखपत्राची प्रत आणि कोणत्या तारखेपासून किती तास हवेत हे लिहिलेले असावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नये.

‘जागा पक्की करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी इसमाच्या खात्यात पैसे भरायला आलेले पालक आम्ही काऊंटरवर पाहिले आहेत. शेतमाल विकून आलेली ती रक्कम असते. प्रशिक्षणाचे शुल्क असलेच तर ते संस्थेच्या नावे, पावती घेऊनच भरावे. विद्यावेतन मिळणार असल्यास खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे हवे, काकांच्या नव्हे.

आणखी एक गोष्ट फार उशिरा सुचते. वॉर्डात जाण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली असावी. तिचे तीन डोस असतात. दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी, म्हणजे तयारी अर्ध्या वर्षाआधी सुरू करावी लागते. वापरलेली सुई कोणत्या डब्यात जाते, हेही पहिल्याच दिवशी सिस्टरांना विचारून घ्यावे. विचारायला लाजणाऱ्यालाच सुई टोचते. टोचलीच तर लपवू नये, साबण-पाण्याने जागा धुऊन ताबडतोब डॉक्टरांना सांगावे, कारण त्यावरील औषध काही तासांतच सुरू करायचे असते.

शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर रुजू व कार्यमुक्त झाल्याच्या तारखा, एकूण तास आणि जावक क्रमांक आहेत का, ते तिथेच उभे राहून वाचावे. राहिलेल्या एका शिक्क्यासाठी नांदेडहून पुन्हा सेनगाव गाठायचे म्हणजे अख्खा दिवस आणि दोन्हीकडचे एस.टी. भाडे.