पाय चालतोय, पेडल रुसलंय!

इंटर-कॉलेज बँड कॉम्पिटिशन. प्रत्येक बँडला फक्त पंधरा मिनिटं. आमच्या बँडचं दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि खालचा 'धम्म' एकदम गायब! गिटार चालू, गायक चालू, ड्रमर मात्र वाकून पायाशी काहीतरी शोधतोय. ऑडियन्सला वाटलं, पोरगा ब्लँक झाला. खरं तर बास ड्रमच्या पेडलची स्प्रिंग निसटली होती.

हे यंत्र तसं साधं. पायाखालची पट्टी दाबली की साखळी ओढली जाते, बीटर ड्रमवर आदळतो आणि स्प्रिंग त्याला मागे खेचते. स्प्रिंग गेली की बीटर ड्रमलाच टेकून बसतो. मग कितीही पाय आपटा!

दोन-तीन कॉलेजांतल्या ड्रमर्सना विचारलं, तर प्रत्येकाकडे किस्सा तयार. कुणाच्या बीटरचा स्क्रू ढिला होऊन दांडी फिरली, कुणाची साखळी उतरली, कुणाचं पेडल गुळगुळीत स्टेजवर ड्रमसकट पुढे पळालं. कारण एकच. गिटारिस्ट स्वतःची गिटार आणतो, ड्रमर मात्र समोर असेल त्या सेटवर बसतो. जॅमरूममधलं पेडल म्हणजे सार्वजनिक नळ. वापरतात सगळे, तेल कुणीच घालत नाही.

कुरकुरणारं पेडल मोठ्यांनाही चुकलेलं नाही बरं का. १९०९ मध्ये विल्यम लुडविग यांनी अमेरिकेत वेगात वाजवता येणारं पेडल आणलं आणि त्यावर कंपनी उभी राहिली. याच कंपनीचं 'स्पीड किंग' पेडल पुढे 'लेड झेपलिन'चा जॉन बोनम वापरायचा. त्यांच्या १९७०च्या अल्बममधलं 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' हेडफोन लावून ऐका. त्या पेडलची चूं-चूं चक्क रेकॉर्ड झालीय!

पण बोनमची चूं-चूं दंतकथा होते, आपल्यातल्या पोराची मात्र 'प्रॅक्टिस कमी' ठरते. आमचा ड्रमर तीन महिने स्वतःलाच दोष देत होता. फास्ट गाण्यात किक मागे पडते, म्हणजे आपलाच पाय कच्चा, असं समजून रोज एक तास जास्त घासायचा. ड्रम सोडून द्यावं, इथपर्यंत गाडी आली होती. स्टेजवर स्प्रिंग निसटली तेव्हा कळलं, हुक झिजला होता. पाय ठीकच होता.

त्यामुळे नव्या ड्रमर्ससाठी अनुभवाचे बोल: ड्रम की कायम खिशात ठेवा. एक जादा स्प्रिंग बॅगेत असू द्या. सांध्यांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या. सेटखाली सतरंजी किंवा कार्पेट हवंच. आणि साउंडचेकला बीटरचा स्क्रू हाताने तपासा, 'असेल घट्ट' म्हणून सोडू नका.

त्या दिवशी काय झालं? दोन ठोके चुकले. मग त्याने उजवा हात हाय-हॅटवरून उचलला आणि फ्लोअर टॉमवर किक वाजवायला सुरुवात केली. बक्षीस नाही मिळालं, पण गाणं थांबलं नाही.

आता त्याने सेकंडहँड का होईना, स्वतःचं पेडल घेतलंय. जुन्या टॉवेलात गुंडाळून रोज सॅकमध्ये. डबा घरी विसरतो, पेडल नाही.