ताप गेला, गोळ्या उरल्या

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल किंवा शिरपूरकडच्या शाळांत शिकवणाऱ्यांना हा अनुभव नवा नसेल. पोळ्याच्या सुमारास एखादा मुलगा थंडीतापाने आठवडाभर शाळेत येत नाही. रक्त तपासले जाते, गोळ्या मिळतात, मुलगा बरा होतो. होळीच्या आसपास तोच मुलगा पुन्हा कुडकुडत बाकावर डोके टेकतो. घरचे म्हणतात, "ताप उलटला."

'उलटला' हा शब्द आम्हाला फार नेमका वाटतो. हा ताप दर वेळी नव्या डासाने आणलेला नसतो. पुष्कळदा तो आधीपासून शरीरातच असतो.

हिवतापाचे जंतू अनेक जातींचे. त्यांपैकी प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स या जातीची एक खोड आहे. डास चावल्यावर जंतू तासाभरात यकृतात शिरतात. त्यांतले बरेचसे तेथे वाढून रक्तात उतरतात, लाल पेशी फोडतात आणि थंडी वाजून ताप भरतो. काही मात्र वाढतच नाहीत. यकृताच्या पेशीत ते झोपून राहतात, काही आठवडे किंवा आठ-दहा महिनेसुद्धा. झोप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना 'हिप्नोझॉइट' म्हणतात. जागे झाले की सारे चक्र पुन्हा सुरू.

म्हणून उपचारात दोन औषधे असतात. क्लोरोक्वीन तीन दिवसांचे; ते रक्तातल्या जंतूंना मारते. ताप त्यानेच उतरतो. झोपलेल्या जंतूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन, आणि ते १४ दिवस. अडचण येथेच आहे. ताप तिसऱ्या दिवशी गेलेला असतो, शेतावर कामे खोळंबलेली असतात, आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यात जातात. रुग्णाच्या दृष्टीने त्या बऱ्या झालेल्या माणसाच्या गोळ्या असतात!

"निम्म्या गोळ्या घेतल्या, तर निम्मे काम होईल ना?" असे विद्यार्थी विचारतात. प्रायमाक्वीनचा परिणाम पोटात गेलेल्या एकूण मात्रेवर अवलंबून असतो. रोज ०.२५ मिलिग्रॅम दर किलो वजनामागे, असे १४ दिवस धरले तर एकूण ३.५ मिलिग्रॅम दर किलो. ६० किलोच्या माणसाला २१० मिलिग्रॅम. पाचव्या दिवशी थांबणाऱ्याच्या पोटात जेमतेम ७५ गेलेले असतात. वाचलेले थोडेसे जंतूही पुढच्या तापाला पुरतात.

दोष केवळ रुग्णाला देणे मात्र योग्य नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात कित्येक दशके हे औषध अधिकृतपणेच पाच दिवस दिले जाई. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांनी पाच आणि १४ दिवसांच्या उपचारांची तुलना करून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताप उलटणे थांबले ते १४ दिवसांच्या गटात; पाच दिवसांचे औषध घेणे हे न घेण्यापेक्षा सरस ठरले नाही. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात धोरण बदलले. वास्तविक १९५१च्या अखेरीपासून कोरियातून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना जहाजावरच रोज १५ मिलिग्रॅम, १४ दिवस दिले जात होते. जहाजावरून कोणी शेतावर निघून जाऊ शकत नाही, ही सोय तेथे होती.

एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. जी-६-पीडी हे विकर ज्यांच्या लाल पेशींत जन्मतः कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटू शकतात. लघवी काळसर झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर गोळी थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा. गर्भवतीला हे औषध देत नाहीत. म्हणून शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या आपल्या मुलाला देणे, हेही तितकेच धोक्याचे.

प्रायमाक्वीन उपाशीपोटी घेतले तर पोटात मळमळते, आणि गोळ्या सुटण्याचे तेही एक कारण असते. शाळेत दुपारी खिचडी मिळते. पालक आणि आरोग्यसेवक यांच्याशी ठरवून ती गोळी खिचडीनंतर गुरुजींसमोर घेता येईल. चौदा दिवसांत रविवार दोन येतात. त्यांच्या गोळ्या शनिवारीच पुडीत बांधून घरी द्याव्या लागतील.