चाक, आस आणि जू

मराठीतलं 'जू' म्हणजे संस्कृत 'युग', लॅटिन 'युगुम', ग्रीक 'झिगॉन' आणि इंग्रजी 'योक'. चाकांना जोडणारा 'आस' हा 'अक्षा'चा वंशज. मक्षिकेची माशी झाली त्याच वाटेने तो आला, आणि लॅटिन 'ॲक्सिस' व इंग्रजी 'ॲक्सल' ही त्याचीच भावंडं. 'चाक' आणि 'व्हील' यांचंही गोत्र एकच, हे मात्र कानाला पटत नाही.

कानावर विसंबायचं नसतंच. फारसीत 'बद' म्हणजे वाईट आणि इंग्रजीत 'बॅड' म्हणजेही वाईट, पण दोघांचा काडीचा संबंध नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या 'सगळे शब्द संस्कृतातूनच गेले' छापाच्या याद्या इथेच आपटतात. नातं ठरतं ते नियमाने होणाऱ्या ध्वनिबदलांवरून.

भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एक असावा, आणि ती भाषा कदाचित आज उरली नसावी, असं मांडलं. त्या भाषेचं एकही अक्षर लिहिलेलं सापडलेलं नाही. म्हणून तिचे शब्द मागे मोजत जाऊन बांधले जातात आणि त्यांना तारा लावतात: *क्वेक्वलोस, म्हणजे चाक.

यात 'क्व' दोनदा आहे. संस्कृतात पहिल्याचा 'च' झाला, कारण त्याच्यापुढे 'ए' होता. दुसऱ्यापुढे व्यंजन होतं, म्हणून तिथे 'क' टिकला. पुढे तो 'ए' स्वतःच 'अ'मध्ये विरघळला आणि 'चक्र' उरलं. म्हणजे 'चक्र'मधला 'च' हा नाहीशा झालेल्या स्वराचा साक्षीदार आहे. १८७० च्या दशकात हा नियम उलगडला, तेव्हा संस्कृत ही या कुळाची आई नसून बहीण आहे, हे पक्कं झालं. ग्रीकमध्ये याच शब्दाचं 'किक्लोस' झालं. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेतली, तिथे 'क'चा 'ह' होतो. जुन्या इंग्रजीतल्या 'ह्वेओल'चं पुढे 'व्हील' झालं.

खरी गंमत पुढे आहे. चाकाचा शब्द सामायिक असेल, तर ती भाषा फुटण्याआधी चाक असायला हवं. पोलंडमधल्या ब्रोनोचित्से इथल्या मडक्यावर चारचाकी गाडीसारखं चित्र आहे, ते सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळ लाकडी चाक आसासकट सापडलं, ते पाच हजारांहून थोडं अधिक जुनं. पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांनी १९८७ मध्ये या भाषांचा प्रसार अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, नवाश्मयुगीन शेतकऱ्यांशी जोडला. तो काळ चाकाच्या कितीतरी आधीचा. चाकाचा मुद्दा त्यांच्या मांडणीला आजही अडतो, आणि माझ्या मते तो सहज बाजूला सारता येणारा नाही.

पण अनातोलियातल्याच हित्ती भाषेत 'चक्रा'चं भावंड सापडत नाही. तिथे चाकाला 'हुर्की' म्हणत. जू मात्र आहे. गाडीच्या दांड्यासाठी 'हिश्शा' आहे, आणि ती संस्कृत 'ईषा'. आपल्या नांगराच्या 'हळस'मध्ये हीच 'ईषा' दडलेली आहे: हल अधिक ईषा. जू आणि दांडा नांगरालाही लागतात, त्यांना चाकाची गरज नाही. त्यामुळे हित्तींचे पूर्वज गाडी येण्याआधीच वेगळे झाले असावेत, असं बरेच अभ्यासक मानतात. तारीम खोऱ्यातल्या तोखारी भाषेत मात्र दोन्ही सापडतात: 'कुकल' हे 'चक्रा'चं भावंड, पण त्याचा अर्थ गाडी, आणि चाकासाठी तिथला शब्द 'हुर्की'च्या गोतातला.